भरल्या श्वासाचे माप

शामसुंदरच्या तोंडात टाचण्या असल्या की त्याला काही विचारायचे नाही, असा घरात जुना नियम होता. तो कुणी घालून दिला नव्हता. शामसुंदरनेच आपल्या सोयीने तो हळूहळू पाडून घेतला होता. थोरले भाऊ गिरीधरअण्णा दारात उभे राहून एखाद्या ऑर्डरबद्दल गरजले, की धाकटे भाऊसाहेब ओठांत टाचण्या धरून नुसते "ऊं" करीत. त्या "ऊं"चा अर्थ अण्णांना हवा तसा लावता येई, म्हणून तेही खूश असत आणि शामसुंदरही.

त्या रविवारी सकाळी त्याच्या ओठांत टाचण्यांची पुरी रांग होती. समोर स्टुलावर त्याची मुलगी भव्या उभी होती, आणि तिच्या अंगावर डाळिंबी रेशमाचा नवा ब्लाऊज होता. दुपारी बनशंकरीहून पाहुणे तिला बघायला येणार होते.

राजाजीनगरच्या त्या घरात मागची सगळ्यात मोठी खोली कपडे कापायची. लांब टेबल, दोन मशिनी, डोकी नसलेले लाकडी पुतळे, आणि भिंतीला टेकून उभा पियानो. बाबा होते तेव्हा कँटोन्मेंटमधल्या चर्चच्या गाणाऱ्या मंडळींचे झगे याच टेबलावर शिवले जात. माप घ्यायला, झगे पोचवायला ते जात तेव्हा धाकट्या मुलीला, लहानग्या हेमावतीला, बरोबर नेत. पोर रडत नाही, एका जागी बसून ऑर्गन ऐकते, म्हणून तिथल्या म्हाताऱ्या मिस डिसिल्वांनी तिला मांडीवर घेऊन पहिले सूर दाखवले. पुढे एक अँग्लो-इंडियन कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा त्यांचा पियानो टेम्पोत घालून इथे आला. गल्लीतल्या बायकांना बरेच दिवस ते कपाटच वाटत होते.

त्याच पियानोच्या स्टुलावर हेमावती बसली होती. केस वाळवायला सोडलेले, बोटे पट्ट्यांवर, डोळे भाचीवर.

"श्वास घे," ती म्हणाली.

"घेतला."

"खाली घे. कंबरेपर्यंत."

"कंबरेपर्यंत जातच नाही ग आत्ते. हा इथं येऊन थांबतो," भव्याने बरगडीखाली हात ठेवला. "कॉर्ड रोडच्या सिग्नलला थांबल्यासारखा."

"शामण्णा, ऐकलंस?"

"ऊं."

"टाचण्या काढ आणि बोल."

शामसुंदरने नाइलाजाने टाचण्या काढून मनगटावरच्या उशीत एकेक खोचल्या. "अण्णांनी सांगितलंय, फिटिंग चोख पाहिजे. बघायला येणाऱ्यांसमोर ढगळ दिसू नये. बाबा सांगायचे की, नवरीचं माप श्वास सोडल्यावर घ्यायचं. मग कसं, कातडीसारखं बसतं."

"हिला गायचं असतं."

"आज कुठं गायचंय? आज कॉफी द्यायची नि खाली बघायचं. स्वल्प दम धर. नंतर उसवून देतो."

भव्या आरशात स्वतःकडे बघत होती. वीस वर्षांची, बापासारखी उंच, आजीसारखी हनुवटी. "आत्ते, उद्या दोन वाजता फोन करायचाय ना त्यांना?"

"उद्या करते," हेमावती म्हणाली.

तो फोन दोघींच्या मनात पंधरवडाभर वाजत होता. जानेवारीत त्या मुंबईला जाऊन आल्या होत्या. जर्मनीतल्या एका संगीतविद्यालयाची माणसे तिथे आली होती. गाणारी आणि पियानो वाजवणारी अशा दोघांना बरोबरच निवडून, दोन वर्षे बरोबरच शिकवायचे, अशी त्यांची पद्धत होती. त्यांनी या दोघींना निवडले होते. एका पांढऱ्या केसांच्या बाईने भव्याला काही न सांगता आधी हेमावतीचा हात हातात घेतला होता आणि इंग्रजीत विचारले होते, "इतके दिवस तुम्ही होता कुठे?" हेमावती नुसती हसली होती. राजाजीनगरला होते, असे सांगून त्या बाईला काय कळणार होते?

आता नुसते "येतो" म्हणून कळवायचे राहिले होते. घरात अण्णांनी "बघू" म्हटले होते. पण त्यांचे "बघू" म्हणजे त्यांनी आधीच काहीतरी बघून ठेवलेले असते, हे हेमावतीला चौतीस वर्षांत कळायला हवे होते.

*

पाहुणे म्हणून दोघेच आले. संतोषकुमार आणि त्याची आई सकवारबाई. बनशंकरीला त्यांचे साड्यांचे दुकान. नवरा गेल्यापासून बाईच चालवीत. आल्या आल्या त्यांनी दाराचा पडदा बोटांत धरून चुरगळून पाहिला आणि "मिल बरी आहे" असे म्हणून मगच पायातल्या वहाणा काढल्या. संतोषकुमार सडपातळ, चष्मेवाला, हसरा. त्याने खुर्चीत बसताना खुर्चीला सॉरी म्हटले असते, इतका सावध.

तिन्ही भावंडांची आई सुनंदाबाई भिंतीजवळच्या उंच खुर्चीत बसल्या होत्या. खुब्याचे हाड मोडल्यापासून त्यांना खाली बसता येत नसे. अण्णांची बायको, वहिनी, स्वयंपाकघरात. हेमावती उप्पिट्टू आणि केसरीभात वाढत होती. भव्या कॉफी देऊन आजीशेजारी बसली, ताठ. नम्रतेमुळे नव्हे, त्या ब्लाऊजात वाकणे शक्य नव्हते.

"मुलगी तर छानच आहे," सकवारबाई म्हणाल्या. "गाते म्हणे? इंग्लिश?"

"जर्मन," अण्णा अभिमानाने म्हणाले. "इटालियनसुद्धा. आणि आता जर्मनीला बोलावणं आलंय. दोघांना. एक गाणार, एक पियानो वाजवणार." त्यांनी कॉफीचा घोट घेतला, टंबलर खाली ठेवला. "आणि योग बघा कसा, आमचे जावई पण वाजवतात! लग्न उरकून घेऊ, दोघं मिळून जातील. परक्या मुलखात पोरगी एकटी नको, ती काळजी मिटली."

हेमावतीच्या हातातला डाव केसरीभातात उभा राहिला.

संतोषकुमार गोंधळून म्हणाला, "मी कीबोर्ड वाजवतो, सर. ऑर्केस्ट्रात."

"तेच की. काळ्यापांढऱ्या पट्ट्या तिथं, काळ्यापांढऱ्या पट्ट्या इथं."

"राज्योत्सवाच्या मांडवात अख्खं बनशंकरी याला टाळ्या वाजवतं," सकवारबाईंनी पुस्ती जोडली.

हेमावतीने भांडे जमिनीवर ठेवले. तिला वाटले होते, असे काही ऐकले तर आपला आवाज कापेल. तो कापला नाही, याचे तिलाच नवल वाटले.

"आणि मी, अण्णा?"

"तू काय?"

"त्या लोकांनी माझं नाव घेतलंय. भव्या आणि हेमावती. मुंबईला मी वाजवलं."

"वाजवलंस, बरं केलंस, घरची म्हणून सांभाळून घेतलंस. साथ करायला कुणीही चालतं ग. मठात दर गुरुवारी तबल्याला वेगळा माणूस असतो. बुवांचं भजन अडलंय कधी?" त्यांचा आवाज खरोखरच मायेचा होता, आणि त्यानेच तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "तू गेलीस तर आईकडे कोण बघणार?"

"कोण ह्या?" सकवारबाईंनी विचारले. इतका वेळ वाढणारी बाई त्यांनी बहुधा कामाला ठेवलेली धरली होती.

"धाकटी बहीण माझी. हेमावती. हुबळीला दिली होती. परत आलेली."

हे दोन शब्द हेमावती चौदा वर्षे ऐकत होती. नवऱ्याच्या घरी पियानो नव्हता हे तिने सोसले असते. पण रात्री ती पोळपाटावर बोटे वाजवते म्हणून सासूने तिला मांत्रिकाकडे नेले, तेव्हा ती कपड्यांची पेटी घेऊन निघून आली. त्याच वर्षी भव्याची आई गेली होती. घराला तेव्हा बाई हवी होती, म्हणून परत आलेलीला कुणी फारसे बोलले नाही. सहा वर्षांच्या भव्याला तिने मांडीवर घेऊन, मिस डिसिल्वांनी दाखवले तसे, पहिले सूर दाखवले.

"हो, हुबळीहून परत आले," ती म्हणाली. "जर्मनीहून पण येईन की. मला परत यायची सवय आहे."

भव्या फस्सकन हसली. सुनंदाबाईंनी तिच्या गुडघ्यावर चापट मारली, पण हलकी.

"हेमा!" अण्णा म्हणाले. "पाहुण्यांसमोर?"

"पाहुण्यांसमोर तुम्हीच काढलंत. मी जाणार आहे, अण्णा. उद्या दोन वाजता फोन करून सांगणार आहे."

सकवारबाई आता खुर्चीत पुढे सरकल्या. भांडण त्यांना भिववीत नव्हते. दुकान चालवणारी बाई. "पण मी म्हणते बाई, राग मानू नका. गाणारी ती, फोटो तिचा, हार तिला. तुम्ही मागे बसून वाजवणार. त्यासाठी एवढा हट्ट?"

"मागे नाही बसत. बाजूला बसते."

"एकच ते."

"एक नाही."

"मी आत्तेशिवाय गात नाही," भव्या म्हणाली.

"तुला कुणी विचारलं?" अण्णांचा आवाज चढला. "शामू, तुझ्या पोरीला सांग."

सगळ्यांनी शामसुंदरकडे पाहिले. टाचण्या नव्हत्या. त्याने कॉफीचा टंबलर ओठांना लावला आणि तो रिकामा झाला तरी खाली घेतला नाही.

*

मग अण्णांनीच तोड काढली. पियानो घरातच आहे, मुलगा आलेला आहे, मुलगी आहे. होऊन जाऊ दे एक गाणे! सकवारबाईंनाही ती कल्पना पसंत पडली. दुकानात पातळ उलगडून दाखवतातच.

मंडळी मागच्या, कापायच्या खोलीत आली. सुनंदाबाईंना खुर्चीसकट उचलून आणले. लाकडी पुतळे बाजूला सारले, एकावर सकवारबाईंनी आपली पर्स अडकवली. संतोषकुमार पियानोपाशी गेला आणि झाकण उघडून आत डोकावला.

"ट्रान्सपोझचं बटण कुठे असतं?" त्याने हळूच हेमावतीला विचारले.

"कसलं?"

"म्हणजे गाणारीची पट्टी बदलली तर... आमच्याकडे बटण दाबलं की सगळे सूर वरखाली सरकतात."

"नसतं ते."

"मग तुम्ही काय करता?"

"वाजवा तुम्ही," ती म्हणाली. तिला त्याच्यावर चिडायचे होते, पण त्याने इतक्या खऱ्या कुतूहलाने विचारले की ते जमेना.

भव्याने मुंबईला म्हटलेलेच गाणे काढले. नदीकाठी उभी राहून पाण्याशी बोलणाऱ्या मुलीचे ते जर्मन गाणे. दोन कडवी सरळ होती. तिसऱ्यात एक ओळ लांबच लांब होती. मुलगी पाण्यात पाय घालते आणि तिथपासून ओळ वर चढत जाते, मध्ये श्वास घ्यायला फट नाही. हेमावती सवयीने पानाच्या कडेला हात ठेवून उभी राहिली. पान उलटायला तरी आपण आहोत, असे एकदा मनात आले आणि तिचे तिलाच ओशाळे वाटले.

संतोषकुमार वाईट वाजवीत नव्हता. लहानपणी तो पाच परीक्षा देऊन शिकला होता. कागदावरचा सूर न् सूर त्याने वाजवला. ताल तर असा, की भिंतीवरचे घड्याळ त्याच्याकडून शिकले असते. पहिले कडवे झाले. अण्णांनी मान डोलावली. दुसऱ्यात भव्याचे खांदे वर जाऊ लागले. हेमावतीला कळले. श्वास खाली जात नाही, म्हणून पोरगी तो वरूनच ओढते आहे. आता ताल स्वल्प पुढे घे, ती मनात म्हणाली. पुढे घे रे बाबा, तिला वाट पाहायला लावू नकोस.

पण घड्याळ वाट पाहत नाही आणि घाईही करीत नाही. तिसऱ्या कडव्यात भव्या त्या ओळीत शिरली, अर्ध्यावर पोचली, आणि आवाज कापडासारखा टरकन फाटला. संतोषकुमार पुढचे दोन सूर एकटाच वाजवून थांबला.

भव्याच्या डोळ्यांत पाणी तरारले, ते तिने खाली पडू दिले नाही.

"आवाज बारीक आहे," सकवारबाई म्हणाल्या. "असू दे. संसाराला काय मोठा आवाज लागतो? माझा आहे, त्याचा काय उपयोग झाला?"

"हिला ब्लाऊज काचतोय," हेमावती म्हणाली.

"आता शिवणाऱ्याचा दोष!" अण्णा म्हणाले. शामसुंदरने मान खाली घातली.

संतोषकुमार स्टुलावरून उठला. घाम पुसत म्हणाला, "अक्का, तुम्ही बसता? मला ऐकायचंय."

"कशाला?" सकवारबाई.

"अम्मा, जरा थांब."

हेमावतीने भव्याकडे पाहिले. भव्याने हनुवटी वर केली. तीच त्यांची खूण. इतक्या वर्षांत त्यांना दुसरी लागली नव्हती. हेमावती बसली. ब्लाऊज तोच होता, त्यात मावणारा श्वासही तेवढाच. तर मग गाणेच तेवढ्यात बसवायला हवे.

तिने एक सूर खाली सुरुवात केली. डोळे कागदावरच्या खुणा पाहत होते आणि बोटे त्यांच्या शेजारच्या, सरकलेल्या पट्ट्या दाबत होती. सुरुवातीचे पाणी तिने संथ वाहू दिले, पोरीचे खांदे खाली येईपर्यंत. मग भव्या गाऊ लागली. जिथे भव्या श्वास घेई तिथे हेमावतीही घेई, ऐकू येईल असा. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी तिने डावा हात किंचित रेंगाळवला आणि भव्याला अर्धा घोट हवा मिळाली. तिसरे कडवे आले. मुलीने पाण्यात पाय घातला, आणि हेमावतीने नदीला उतार दिला. फार नव्हे. ऐकणाऱ्याला वाटावे, नदी इथे अशीच धावत असणार. भव्या त्या ओळीच्या वरच्या टोकाला पोचली, तिथे थांबली, आणि आवाज खोलीभर उभा राहिला. शेवटचा सूर विरेपर्यंत हेमावतीने पट्ट्यांवरून बोट उचलले नाही.

सुनंदाबाईंनी डोळे मिटले होते. वहिनी ओल्या हातांनी दारात येऊन उभ्या होत्या.

"तुम्ही पट्टी उतरवलीत," संतोषकुमार म्हणाला. "बटण नसताना."

"हो."

"म्हणजे मघाशी तू चुकलास?" सकवारबाईंनी मुलाला विचारले.

"नाही अम्मा. मी बरोबर वाजवलं. अक्कांनी तिला ऐकलं." तो अण्णांकडे वळला. "सर, मी हे करू शकत नाही. मी गेलो तर तिथली माणसं पहिल्या दिवशी मला परत पाठवतील, आणि माझ्याबरोबर हिला पण."

हेमावतीला वाटले, झाले. ऐकले ना सगळ्यांनी? इतकी वर्षे तिला वाटत होते की घराने एकदा नीट कान देऊन ऐकले तर सांगायला काही उरणार नाही.

अण्णांनी एकदा पियानोकडे, एकदा तिच्याकडे पाहिले. मग म्हणाले, "चांगलं वाजवतेस. बाबा म्हणायचेच. म्हणून?"

"म्हणजे?"

"चांगलं वाजवणाऱ्या बायकांनी घर सोडून जायचं असतं का? बाबा गेले तेव्हा मला रेल्वेतून बोलावणं आलं होतं. कागद खिशात होता माझ्या. मी गेलो? आपलं चिकपेठचं शिलाईचं दुकान, तुम्ही दोघं, आई. मी नाही गेलो, हेमा."

हे तिला ठाऊक होते. घरात सगळ्यांना ठाऊक होते, आणि म्हणूनच अण्णांपुढे आजवर कुणाचे तोंड उघडत नसे. तिने पियानोचे झाकण बंद केले.

"नाही गेलात. म्हणून आम्ही जगलो, ते मी कधी विसरले नाही. पण त्याचा सूड माझ्यावर का?"

"सूड?"

"दुसरं काय म्हणू? आणि एक सांगते अण्णा. चांगलं वाजवते म्हणून मी जात नाही. वाईट वाजवलं असतं तरी मला कुणी बोलावलं असतं तर गेले असते. मला जायचंय म्हणून मी जातेय."

"आणि आई?"

"माझं नाव पुढे करू नको, गिरी," सुनंदाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते. "मला ही इथं हवी आहे. संध्याकाळी ही वाजवत बसते, ते ऐकत माझं दुखणं कमी होतं. मी हिला जा म्हणणार नाही. म्हणवत नाही मला. पण थांब म्हणायचं झालं तर मी म्हणेन, माझ्या तोंडाने. तू माझ्या तोंडात घालू नको."

"मग म्हणता का थांब?" अण्णांनी विचारले.

म्हातारीने डोळे उघडले. हेमावती तिच्याकडे बघत होती. तिला त्या क्षणी भीती वाटली, दिवसभरात पहिल्यांदा. आईने म्हटले असते, तर काय केले असते, हे तिला पुढेही कधी नीट सांगता आले नाही.

"मला आत न्या," सुनंदाबाई म्हणाल्या. "खुर्ची टोचतेय."

सकवारबाईंनी पुतळ्यावरची पर्स काढली. "तर मग लग्नाचं काय समजायचं आम्ही?"

"त्यांना जाऊन येऊ दे अम्मा," संतोषकुमार म्हणाला. "मग त्यांनाच विचारू."

"विचारा," भव्या म्हणाली. "हो म्हणेनच असं नाही."

"बघा!" सकवारबाई म्हणाल्या, पण त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. जाता जाता त्यांनी भव्याच्या ब्लाऊजची बाही दोन बोटांत धरून पाहिली. "कापड उत्तम. शिवण पण. पण पोरीला जगू द्यायचं की हो त्यात."

*

पाहुणे गेल्यावर घर चिडीचूप झाले. अण्णा पुढच्या व्हरांड्यात जाऊन बसले. वहिनींनी त्यांना न विचारताच दुसरी कॉफी नेऊन दिली. भव्या साधे कपडे घालून आजीपाशी जाऊन आडवी झाली, आणि मोठमोठ्याने श्वास घेत राहिली, नुसती गंमत म्हणून.

हेमावती कापायच्या खोलीत पसारा आवरायला आली. शामसुंदर टेबलाशी उभा होता. डाळिंबी ब्लाऊज उलटा करून तो कुशीची शिवण ब्लेडने उसवत होता. आपणच घातलेला एकेक टाका कापताना त्याचा चेहरा दाढ काढून घेणाऱ्यासारखा झाला होता.

"रागावलीस?" त्याने वर न बघता विचारले.

"तुझ्यावर? टंबलरमध्ये काय शोधत होतास एवढं?"

"तोंड," तो म्हणाला.

तिला हसू आले. त्याने ब्लेड ठेवले, कपाटातून कागदात गुंडाळलेला एक तागा काढला आणि टेबलावर उलगडला. मोराच्या मानेच्या रंगाचे रेशीम. "कुणासाठी ठेवलंय, मला माहीत नव्हतं. चढ स्टुलावर."

"मला कशाला?"

"तुझं माप नाही माझ्याकडे. भव्याचं आहे, वहिनीचं आहे, अख्ख्या राजाजीनगरच्या नवरीमुलींचं आहे. तू प्रत्येक कार्यक्रमाला ती राखाडी साडी नेसतेस, भिंतीत मिसळून जायला. ती आता बस झाली."

ती स्टुलावर चढली. शामसुंदरने टाचण्या ओठांत धरल्या, गळ्यातली टेप काढली.

"शामू!" व्हरांड्यातून अण्णांचा आवाज आला. "काय चाललंय आत?"

हेमावतीने भावाकडे पाहिले. ओठांत टाचण्या होत्या. नियम होता. "ऊं" पुरले असते.

शामसुंदरने हात वर नेला आणि एकेक टाचणी काढून मनगटावरच्या उशीत खोचली. सगळ्या.

"हेमूचं माप घेतोय, अण्णा."

"कशाला?"

"जर्मनीला चाललीय ती. तिथं काय राखाडी नेसून बसेल?"

बाहेर टंबलर जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. अण्णा आत येतील, म्हणून दोघेही दाराकडे बघत राहिले. कुणी आले नाही.

शामसुंदरने टेप तिच्या पाठीमागून घेऊन पुढे आणली. हेमावतीने सवयीने श्वास सोडला आणि पोट आत घेतले.

"सोडू नको," तो म्हणाला. "भर."

"बाबा म्हणायचे..."

"वाजवताना तू श्वास कसा घेतेस, ते बाबांनी बघितलं नाही. मी आज बघितलं. भर पूर्ण."

हेमावतीने श्वास घेतला. तो बरगडीपाशी थांबला नाही. खाली, कंबरेपर्यंत गेला. टेप शामसुंदरच्या बोटांतून सरकत राहिली आणि त्याने ती सरकू दिली. मग त्याने आकडा वाचला, एकदा नेहमीसारखा, आणि पुन्हा एकदा व्हरांड्यात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.